सायकल दिली, आता लिव्हरही द्या

टायर काढायचा लिव्हर विकत घ्यायचा असला की दुकानात जाताना मी खिशात कापसाचा बोळा ठेवतो. लिव्हरचं टोक आणि त्याच्या दोन्ही कडा त्या बोळ्याने हलक्या हाताने पुसून बघतो. दुकानदार हसतो. हसू दे. एखादा तंतू जरी टोकाला अडकला, तरी तो लिव्हर परत काउंटरवर. जी कड कापसाला धरते ती ट्यूबलाही धरणार, आणि ट्यूबला धरली की जुनं पंक्चर निघायच्या आत नवं तयार. किंमत मी त्यानंतर विचारतो.

मी एसटीच्या आगारात टायर विभागात हेल्पर म्हणून लागलो आणि कारागीर म्हणून निवृत्त झालो. नऊशे-वीस, हजार-वीसचे टायर, हातभर लांब पोलादी पट्ट्या आणि लॉक रिंगच्या रिम यांच्यात उमेदीची वर्षं गेली. हवा भरताना ती रिंग नीट बसलेली नसेल तर उडते आणि समोरचा माणूस जातो, म्हणून नव्या पोराला आम्ही रिंगेसमोर उभं राहू देत नसू. अशा ठिकाणी काम केलं की अवजाराची पारख अंगात मुरते. ते किती टिकेल हे नंतर. तुटलंच तर कुठून तुटेल आणि कोणाला लागेल, हे आधी. आता मी भोकरदन तालुक्यात माझ्या गावी असतो. आगारातला माणूस म्हणून शाळेतल्या मुली त्यांच्या पंक्चर झालेल्या सायकली माझ्या ओट्यासमोर आणून लावतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके आहेत. या तालुक्यांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल घ्यायला सरकार पैसे देतं. आधी ही रक्कम साडेतीन हजार होती, २०२२ साली ती पाच हजार झाली. योजना चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. सातवीनंतर घरी बसल्या असत्या अशा पोरी सायकल आली म्हणून दहावीला बसल्या, हे मी माझ्या गल्लीत बघितलंय. पण पाच हजारांत सायकल येते. पंक्चर काढायचं सामान त्यात धरलेलं नसतं, आणि पंक्चर काढायचं कसं हेही कुणी शिकवत नाही.

मग होतं असं. सायकल सकाळी वाटेत बसते. पोरगी ती ढकलत शाळेत नेते, पहिले दोन तास जातात. संध्याकाळी ढकलत घरी आणते. गावात पंक्चरवाला नाही. फाट्यावर आहे, पण त्याचं सगळं लक्ष मोटारसायकलींवर. ट्यूबलेस टायरमध्ये काट्याच्या जागी सुई घालायची, रबराची वळकटी खुपसायची, पाच मिनिटांत पैसे खिशात. सायकलीची ट्यूब बाहेर काढा, पाण्यात बुडवा, घासा, चिकटवा, एवढं करून मिळणार किती? तो ‘उद्या ये’ म्हणतो, त्यात त्याचंही चुकत नाही. बाप शेतात, भाऊ मोटारसायकलवर. सायकल पडवीत उभी राहते, टायर रिमखाली दबून त्याला चिरा जातात, आणि दोन महिन्यांनी घरात सगळ्यांचं ठरतं की सायकल खराब निघाली. सायकल खराब नव्हती. एका काट्याचं पंक्चर होतं.

आमच्या भागात काट्यांना तोटा नाही. पावसाळा सरला की बांधावर, पायवाटेच्या कडेला सराटा वाळतो. त्याच्या फळाची बांधणीच अशी की ते कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या शेताला कुंपण म्हणून लावतात, त्यातला तुकडा ओढताना रस्त्यावर पडतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला आणखी एक नवी पीडा आहे: ट्रकचे फुटलेले रेडियल टायर. त्यांच्या आतल्या बारीक पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे कडेच्या मातीत पडून असतात. सायकलवाला कडेनेच चालणार, त्यामुळे ते त्याच्याच वाट्याला येतात. ही तार बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. टायर आतून कापडाने पुसला की कापड अडकतं, तेव्हा सापडते. ती तशीच ठेवून ट्यूबला ठिगळ लावलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

टायरला हात लावायच्या आधी व्हॉल ट्यूब बघा, हे मी प्रत्येक पोरीला पहिल्यांदा सांगतो. साध्या सायकलीच्या व्हॉलवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. ती कुजली, चिरली की हवा हळूहळू जाते आणि पंक्चर असल्यासारखं वाटतं. व्हॉलच्या तोंडाला थुंकी लावायची. बुडबुडा आला तर नळी बदला, एक-दोन रुपयांचं काम. लिव्हरची गरजच नाही. ‘आबा, थुंकी?’ असं म्हणून पोरी तोंड वेडावतात, मग तेच करतात.

नळी ठीक असेल तर मग टायर उतरवायचा. इथे लिव्हरकडे यायच्या आधी टायर रिमवर टिकतो कसा हे कळलं पाहिजे. ते ज्याला कळत नाही तो लिव्हर तोडतो, नाहीतर ट्यूब कापतो. टायरच्या दोन्ही कडांत तार असते. ती तार ताणली जात नाही, तिचा घेर ठरलेला. रिमची बाहेरची कड त्या घेरापेक्षा मोठी, म्हणून हवा भरली की टायर सुटत नाही. मग निघतो कसा? रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. एका बाजूची कड अंगठ्याने दाबून त्या पन्हळीत ढकलली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते. ती ढील मिळाली की लिव्हरचं काम फक्त शेवटचा जोर देण्याचं. ही युक्ती आजची नाही. डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली काढला, तेव्हा तो रिमला चिकटवलेला असायचा आणि पंक्चर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाची डोकेदुखी. चार्ल्स किंग्स्टन वेल्श नावाच्या इंग्रजाने १८९० साली कडेत तार आणि रिमला मध्ये खोलगटपणा अशी जोडी बसवली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मिशेलिननेही काढता-घालता येणारा टायर आणला, आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तो टायर लावून सुमारे १२०० किलोमीटर चालवून पहिला आला. आपल्या पोरींच्या सायकलीत आजही आहे ती वेल्शची जोडी.

पन्हळीचं सांगून झालं तरी लोक दोन लिव्हर घालून नुसता जोर करत राहतात. हिशेब साधा आहे. लिव्हरचं टोक टेकूपासून दीड सेंटिमीटरवर, हात दहा सेंटिमीटरवर. हाताने दहा किलोचा जोर लावला तर टोकावर साठ-सत्तर किलोचा पडतो. तो सगळा जोर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर. म्हणून लिव्हर नेहमी टोकाशीच वाकतो किंवा तुटतो, आणि म्हणून विकत घेताना दांडा किती चकचकीत आहे यापेक्षा टोक बघायचं असतं.

बाजारात काय काय मिळतं ते आता सांगतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पत्रा दाबून केलेले लिव्हर. वरून निकेलचा मुलामा, तिनाचा संच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हातात घेतल्यावर मागची बाजू पोकळ दिसते. पत्रा कापताना कडेला जी धार उरते, ती घासायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. काही दिवसांनी मुलाम्याचे पापुद्रे निघतात आणि पापुद्रे ब्लेडसारखे कापतात. लोखंड मऊ, एकदा वाकला की वाकलाच. हा संच फुकट मिळाला तरी घेऊ नका, असं मी सांगतो. लोक तरी घेतात, कारण तो सगळ्यात पुढे टांगलेला असतो.

त्याच्या वरचे म्हणजे ठोकून घडवलेले पोलादी लिव्हर. भरीव, एका टोकाला किंचित वळण, दुसऱ्या टोकाला स्पोकमध्ये अडकवायची खाच. पाणी दिलेलं पोलाद असेल तर दांडा किंचित वाकून परत सरळ होतो. दुकानात हे बघायची सोय आहे: लिव्हर काउंटरच्या कडेवर अर्धा ठेवून दाबा. वाकलेला तसाच राहिला तर परत द्या. कानस असेल तर दांड्यावर एकदा ओढून बघा. पाणी दिलेल्या पोलादावर कानस कष्टाने धरते, मऊ लोखंडात सहज रुतते. दुकानदार कानस लावू देत नाही, तेव्हा मी एकच संच आधी विकत घेतो, बाहेर येऊन घासून बघतो आणि मग बाकीचे घेतो. असा तिनाचा संच आमच्याकडे शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. कड थोडी टोचत असेल तर घाबरू नका. बारीक पॉलिश पेपरने टोक गोल करून घेतलं की झालं. पत्र्याच्या लिव्हरवर हाच उपाय चालत नाही, कारण घासायला तिथे जाडीच नसते.

तिसरे नायलॉनचे. शहरात आता हेच सर्वत्र दिसतात. माझा पुतण्या पुण्यात असतो, त्याला लांब पल्ल्याच्या सायकलीचं वेड. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्या असतात, सहाशेला चाळीस तासांची मुदत. वाटेत आपलं पंक्चर आपणच काढायचं, मागून मदतीची गाडी चालत नाही. तो खिशात दोन नायलॉनचे लिव्हर आणि जादा ट्यूब ठेवतो. त्याने मला पार्क टूलचा निळा संच आणून दिला, पेड्रोजच्या रुंद पिवळ्या पट्ट्याही दाखवल्या. वस्तू चांगल्या आहेत, यात वाद नाही. टोक रुंद, कड गोल, ट्यूब कापायची भीती फार कमी. त्याची रिम ॲल्युमिनियमची, तिला पोलादी लिव्हरने चरे पडतात. कार्बनच्या रिमला तर पोलाद लावायचंच नाही. तिथे नायलॉनच हवा.

पण तो सल्ला तसाच्या तसा उचलून गावात आणला की फसतो. आमच्या पोरींच्या सायकलींना लोखंडी रिम असते, मुलामा दिलेली. तिला पोलादी लिव्हरने काही होत नाही. शिवाय पुतण्या चाक काढून मांडीवर घेतो. आमच्याकडे चाक कोण काढतो? मागच्या चाकाला चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, आणि पावसात गंजून बसलेले नट. चाक जागेवर ठेवून, सायकल उलटी करून, एका बाजूची कड उतरवायची आणि ट्यूब तेवढीच बाहेर ओढायची, ही आपली पद्धत. त्या सांदीत नायलॉनचा जाड लिव्हर मडगार्डला आणि चेनकव्हरला अडतो. चार-साडेचार इंची, पातळ टोकाचा पोलादी लिव्हर तिथे सहज फिरतो. पुतण्याला हे मान्य नव्हतं. मग मी त्याला एका मुलीची सायकल दिली आणि चहा प्यायला आत गेलो.

नायलॉनमध्येही भामटेगिरी आहे. चांगल्या लिव्हरच्या नायलॉनमध्ये काचेचे तंतू मिसळलेले असतात, त्याने तो कडक होतो. तसाच दिसणारा स्वस्त माल कसल्याही प्लॅस्टिकचा असतो. हातात घेऊन जरा वाकवा. वळणाच्या जागी पांढरी रेघ उमटली तर तो पुढच्या घट्ट टायरला तुटणार. तुटलेलं टोक टायरच्या आत राहिलं तर ट्यूबही गेली. आणि प्लॅस्टिक उन्हात ठेवायचं नाही. सायकलच्या बास्केटमध्ये पडलेला लिव्हर दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. आतून पोलाद आणि वरून नायलॉन असेही लिव्हर मिळतात. दोन्हींचे गुण त्यात आहेत, पण किंमत आमच्या हिशेबात बसत नाही.

रंगाबद्दल एक बारीक गोष्ट. काळा लिव्हर घेऊ नका, पोलादी असेल तर त्याला लाल चिंधी बांधा. रस्त्याच्या कडेला गवतात ठेवलेला लिव्हर संध्याकाळी सापडत नाही. माझ्याकडून दुरुस्त केलेल्या सायकलींबरोबर जितके लिव्हर गेले असतील, त्याहून जास्त गवतात गेले असतील.

आणि ज्यांना विकतचं काहीच नको, त्यांच्यासाठी लोहार आहे. ट्रकच्या कमानीचा पाटा भंगारात मिळतो. त्याच पाट्यापासून लोहार कोयते, विळे घडवतात, म्हणजे पोलाद ओळखीचं. पाटा तापवून पातळ करायचा, टोक ठोकून चमच्यासारखं गोल करायचं, तेलात पाणी द्यायचं आणि मग परत हलका तापवायचा. निळसर रंग चढला की थांबायचं. रंग चढायच्या आधी थांबलात तर टोक काचेसारखं तडकेल, रंग पुढे गेला तर मऊ पडेल. आमच्या गावच्या लोहाराने असे केलेले लिव्हर मला आगारातल्या सरकारी मालाइतके आवडतात. फक्त धार लावायची त्याची सवय मोडावी लागली. ‘टोक बोथट ठेव’ म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्या धंद्याचा अपमान केलाय.

स्क्रू ड्रायव्हर मात्र नको. हे सांगावं लागतं कारण घराघरात तोच पुढे येतो. त्याचं टोक चौकोनी, चारही कोपरे धारदार. त्याने टायर निघतो हे खरं, पण ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. जेवायच्या चमच्याचा दांडा त्यापेक्षा बरा. तो वाकतो, पण कापत नाही. जुन्या सैल टायरला चालून जातो.

लिव्हर चांगला असूनही ट्यूब जाते ती बहुतेक वेळा टायर परत बसवताना. काढताना लिव्हर, घालताना हात, हा नियम. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार द्यायचा, आत घालायची, आणि अंगठ्यांनी कड बसवत बसवत व्हॉलपाशी संपवायचं. व्हॉलच्या बुडाशी ट्यूब जाड असते, तिथे कड पन्हळीत उतरत नाही. तिथून सुरुवात केली तर शेवटची वीत कधीच बसत नाही. शेवट तिथे केला, बाकीची कड पन्हळीत ढकलली आणि व्हॉल जरा आत दाबला, की बसते. फारच हट्टी असेल तर साबणाचं पाणी. शेवटच्या वितीला लोक कंटाळतात आणि लिव्हर घालतात. तिथे ट्यूब रिम आणि लिव्हर यांच्यामध्ये चिमटली जाते. हवा भरल्यावर पाच मिनिटांत टायर बसला की मग दोष सोल्युशनवर.

सोल्युशनला तरी वेळ कोण देतो? लावलं की फुंकर मारली, ठिगळ दाबलं. ते ओलं असताना ठिगळ धरत नाही. बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं, मग दाबायचं. उघडलेली सोल्युशनची ट्यूब पेटीत ठेवून काही महिन्यांनी काढली तर आत वाळलेली निघते, म्हणून लहान ट्यूब घ्यावी. बाकी घासायला पॉलिश पेपर आणि ट्यूब बुडवायला घमेलं. एवढंच सामान.

हे सगळं आठवीच्या मुलीला जमतं का, असं मला गावातले मोठे लोक विचारतात. मी त्यांना विचारतो, तुम्हाला जमतं का? बहुतेकांना जमत नाही. त्यांनी आयुष्यभर सायकल फाट्यावर ढकलत नेलीये. शाळेच्या मैदानावर एका शनिवारी शिक्षकांनी मला दुपार दिली. आठवीच्या मुलींना तीन-तीनच्या गटात बसवलं, एकीने कड पन्हळीत दाबायची, दुसरीने लिव्हर, तिसरीने बघायचं आणि ओरडायचं. तरफ त्यांनी पुस्तकात शिकलेलीच होती. बल, भार, टेकू तोंडपाठ, पण टेकू रिमच्या कडेवर असतो हे हातात लिव्हर आल्यावर कळलं. ताकद लागते हा समज पहिल्या तासात गेला. ज्या मुलीने नुसता जोर केला तिचा लिव्हर निसटला. जिने आधी पन्हळीत कड दाबली तिचा टायर दोन बोटांनी निघाला.

शिक्षकांचं म्हणणं वेगळं. आमच्यावर आधीच शंभर कामं, त्यात हे कुठे? त्यांचं खरं आहे. म्हणून मी शिक्षकांनी शिकवावं असं म्हणतच नाही. प्रत्येक गावात एसटीचा, सैन्यातला, साखर कारखान्यातला एखादा निवृत्त मिस्त्री असतोच. त्याला बोलवा. तो चहावर येईल.

पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय येईल, असंही एकाने मला सुनावलं. जिथे पंक्चरवाला आहे तिथे त्याच्याकडे जावं, मीही जातो. पण ज्या वाटेवर तो नाही आणि येणारही नाही, तिथे मुलीला चार किलोमीटर सायकल ढकलायला लावून कोणाचं पोट भरतं?

आता सरकारकडे. सायकलीबरोबर लिव्हरचा संच, पंप, ठिगळं आणि सोल्युशन द्या, एवढीच मागणी केली तर मला भीती वाटते. वर निविदा निघेल, सर्वात कमी दर मंजूर होईल आणि शाळाशाळांत त्या पत्र्याच्या लिव्हरचे खोके येतील. मी नोकरीत खरेदी बघितली आहे. मालाची व्याख्या कागदावर नीट लिहिली नाही तर नियमाने खरेदी होते आणि निरुपयोगी माल येतो. म्हणून दोनपैकी एक करा. एक तर मुलीच्या खात्यात सायकलीच्या पैशांबरोबर दोन-अडीचशे रुपये जास्त टाका आणि त्यात काय घ्यायचं हे शाळेने सांगावं. किंवा, मला जास्त पटतं ते, प्रत्येक शाळेत एकच सामाईक पेटी ठेवा: पोलादी लिव्हरचे दोन संच, एक फूटपंप, एक घमेलं, पॉलिश पेपर, ठिगळं, व्हॉल ट्यूबचा गुंडाळा. पाचशे मुलांच्या शाळेलाही एवढी पेटी पुरते. ती सादिल खर्चातून होईल, पालक वर्गणी काढतील, गावातलं एखादं मंडळ देईल. मंजुरीसाठी मंत्रालयात जायची गरज नाही. आणि खरेदीच्या कागदावर एवढं लिहा: घडवलेलं, पाणी दिलेलं पोलाद, लांबी साडेचार इंचांच्या आसपास, टोकाची कड गोल, वाकवल्यावर परत सरळ होणारं. ही ओळ नसेल तर कमी दराचा नियम तुम्हाला पत्राच देईल.

पेटीला कुलूप लावू नका, एवढं मुख्याध्यापकांना हात जोडून सांगणं आहे. मी ज्या ज्या शाळेत क्रीडासाहित्याचं कपाट बघितलं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या गुरुजींकडे. लिव्हर हरवतील. हरवू द्या. एक संच हरवला तर शंभर रुपये गेले, मुलीचे पहिले दोन तास रोज बुडाले तर त्याची भरपाई कुठून आणाल?

सराटा दिवाळीच्या आसपास वाळतो. शाळांनी पेटी त्याआधी करावी. पालकांनाही एक सांगतो. नवी सायकल घेताना दुकानदार सीट कव्हर आणि घंटी फुकट देतो, आणि आपण खूश होऊन घरी येतो. पुढच्या वेळी ते दोन्ही त्याच्याकडेच राहू द्या आणि त्या बदल्यात तीन घडवलेले पोलादी लिव्हर मागा. नाही म्हणाला तर घासाघीस करा.